पणगाचे पाच रंग

पावसाळ्यात लाकडाच्या वखारीत ओंडका चिरायला घेतला की व्यापाऱ्याची नजर प्रथम त्याच्या छेदाकडे जाते. छेद स्वच्छ आणि एकरंगी असेल तर भाव टिकतो. त्यावर निळसर-काळपट ढग, मधूनच पांढुरके पट्टे आणि वेड्यावाकड्या काळ्या रेघा दिसल्या, तर गिऱ्हाईक लगेच कडता मागते आणि व्यापाऱ्यालाही तो नाकारता येत नाही. आंब्याच्या लाकडाचे तर विचारूच नये. तोडल्यानंतर ते वेळेवर चिरून वाळवले नाही, तर दमट हवेत थोड्याच दिवसांत त्यावर डाग उमटतात. असा माल वहीत ‘डागी’ म्हणून लिहिला जातो, पेट्यांच्या फळ्यांकडे किंवा चुलीकडे जातो, आणि विषय तेथेच संपतो.

प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर मात्र हाच विषय येथून सुरू होतो. तेथे उकुलेले नावाचे चार तारांचे लहान वाद्य घराघरांत वाजते. ते ज्या लाकडांपासून घडवतात त्यांत आंबाही आहे. आंबा मूळचा आपल्याकडचा, तेथे माणसांनी नेलेला. परंतु बुरशी लागून रेघांनी आणि रंगांनी भरलेला आंबा तेथील कारागीर मुद्दाम निवडून बाजूला ठेवतात आणि त्या वाद्याला साध्या आंब्याच्या वाद्यापेक्षा चढा भाव मागतात. झाड एकच, डागही एकच. एका वहीत तो घट म्हणून लिहिला जातो, दुसरीत किमतीचे कारण म्हणून. मालाचे मूल्यांकन ज्यांनी आयुष्यभर केले आहे, त्यांनाही येथे क्षणभर थांबावे लागेल.

बुरशीमुळे लाकडात उमटणाऱ्या या नक्षीला इंग्रजीत ‘स्पाल्टिंग’ म्हणतात. ती तीन प्रकारे उमटते. पहिल्या प्रकारात बुरशी आपला रंग लाकडात सोडते. निळसर, हिरवा, तांबडा, पिवळा असे हे रंग असतात. दुसऱ्या प्रकारात ती लाकडातील लिग्निन खाते. लाकडाला त्याचा तपकिरी वर्ण आणि कणखरपणा मुख्यतः या द्रव्यामुळे असतो. ते निघून गेले की लाकूड पांढरे पडू लागते. म्हणून या कुजण्याला ‘पांढरी कूज’ असे नाव आहे. तिसरा प्रकार काळ्या रेघांचा. तो सर्वांत देखणा, आणि त्याची कथाही सर्वांत मनोरंजक आहे.

एका ओंडक्यात अनेकदा एकाहून अधिक बुरशा एकाच वेळी शिरतात. प्रत्येकीला अन्न हवे असते, आणि अन्न तर मोजकेच. दोघी समोरासमोर आल्या की आपापल्या हद्दीवर त्या गडद रंगाच्या, दाट विणीच्या तंतूंची भिंत उभारतात. त्या भिंतीत मेलॅनिन असते. आपल्या केसांना काळेपणा देणारे द्रव्यही याच जातीचे. करवतीने ओंडका कापला की ती भिंत आडवी छेदली जाते आणि आपल्याला एक बारीक, वळणदार रेघ दिसते. म्हणजे चित्रकाराने ओढलेली भासणारी ती रेघ खरे तर शेताचा बांध आहे. भाऊबंदकीत घातलेली कुंपणाची भिंत आहे. काही बुरशा तर शेजारी कोणी नसतानाही भिंत घालतात. लाकडातील ओलावा टिकावा आणि परक्याने आत येऊ नये, एवढ्यासाठी त्या स्वतःला चहूबाजूंनी बंद करून घेतात. झायलेरिया पॉलिमॉर्फा ही त्यांतली एक. कुजलेल्या खोडाच्या बुंध्याशी तिची काळी, बोटांसारखी फळे जमिनीतून वर आलेली दिसतात. इंग्रजीत तिला ‘मेलेल्या माणसाची बोटे’ असे अभद्र नाव आहे; पण रेघ काढण्यात तिचा हात धरणारी दुसरी मिळणे कठीण.

या डागाला मान देणारे लोक आजचेच आहेत असे नाही. इटलीतील उर्बिनोचा ड्यूक फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो हा पंधराव्या शतकातला गाजलेला भाडोत्री सेनापती. युद्धावर त्याने अपार संपत्ती मिळवली आणि त्यातली बरीचशी ग्रंथांवर व कलेवर खर्च केली. गुब्बियो या गावातील आपल्या वाड्यात त्याने अभ्यासासाठी एक लहानशी खोली करवून घेतली. काम साधारण १४७८ ते १४८२ या काळात झाले, आणि ते फ्लॉरेन्सच्या जुलियानो दा मायानो याच्या कारखान्यात घडले. खोलीच्या भिंतींवर रंगाचा एक थेंबही नाही. अक्रोड, बीच, ओक आणि फळझाडांच्या लाकडांचे बारीक तुकडे एकमेकांशेजारी बसवून तेथे एक अख्खी दुनिया उभी केली आहे. अर्धवट उघडी जाळीची दारे, त्यांतून दिसणारी कपाटे, आत कलती ठेवलेली पुस्तके, वाद्ये, खगोलाची उपकरणे, पिंजऱ्यातला पोपट. भिंत सपाट आहे हे हाताने चाचपल्याखेरीज पटत नाही. ही सबंध खोली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९३९ मध्ये विकत घेतली आणि आज ती तेथेच पाहावयास मिळते.

या कामातल्या हिरव्या तुकड्यांचे एक कोडे होते. लाकडाच्या नैसर्गिक रंगांत पिवळा, तांबूस, तपकिरी, काळा असे सर्व मिळते, पण हिरवा क्वचितच. त्या काळचे कारागीर लाकूड रंगीत पाण्यात उकळून घेत, ही गोष्ट माहीत होती. परंतु असे बरेच रंग उजेडाने हळूहळू उडून जातात. मग पाचशे वर्षांनंतरही शिल्लक राहिलेला हा हिरवा कोठून आला? १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्याचा उलगडा केला. पंधराव्या शतकातील जडावकामांतील हिरव्या लाकडाचे सूक्ष्म नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा लाकडाच्या पेशींत क्लोरोसिबोरिया नावाच्या बुरशीच्या खुणा आढळल्या. रंग भांड्यात तयार झाला नव्हता. तो ओल्या रानात पडलेल्या फांदीत झाला होता. कारागिराने फक्त ती फांदी ओळखली, उचलली आणि वाळवून योग्य जागी बसवली.

ही क्लोरोसिबोरिया स्वभावाने संथ. इतर बुरशा लाकडाचा भुगा करतात तशी घाई तिला नसते. लाकडाला फारसे दुबळे न करता ती त्यात झायलिंडीन नावाचा निळा-हिरवा रंग सोडत राहते. हा रंग पाण्यात विरघळत नाही आणि उजेडाने सहज फिका पडत नाही. त्याचा हा टिकाऊपणा पाहून विजेच्या उपकरणांसाठी सेंद्रिय अर्धवाहक म्हणून त्याचा उपयोग होईल का, याचाही अभ्यास अमेरिकेत झाला आहे. पाचशे वर्षांपूर्वीच्या सुताराला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण आपण बसवलेला रंग आपल्या नातवंडांनंतरही राहील याची खात्री त्याला असावी. नाहीतर ड्यूकच्या भिंतीत कुजकी फांदी घालण्याचे धाडस कोणी केले नसते.

विसाव्या शतकात या लाकडाला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली ती अमेरिकेत. मेल्विन लिंडक्विस्ट हे जनरल इलेक्ट्रिक कंपनीतले अभियंता. यंत्राच्या भागाला सूतभर फरकही चालत नाही अशा जगात नोकरी करणारे हे गृहस्थ घरी मात्र, लाकूडतोड्यांनी टाकून दिलेले बुरशीचे ओंडके लेथवर चढवीत आणि त्यांची भांडी कोरीत. मुलगा मार्क त्यांच्याबरोबर शिकला आणि पुढे शिल्पकार झाला. १९७७ मध्ये मार्क लिंडक्विस्ट यांनी ‘फाइन वुडवर्किंग’ या मासिकात या लाकडाविषयी लेख लिहिला आणि तेव्हापासून कातकाम करणाऱ्यांची दृष्टी बदलू लागली. जे ओंडके सरपणाच्या ढिगात जात ते लोक शोधू लागले. मार्क यांचे काम आज स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन कलासंग्रहालयात आहे.

यातली अडचण हे लाकूड हाताळल्याशिवाय कळत नाही. एकाच वाडग्यात काळी रेघ दगडासारखी कठीण, आणि तिला लागूनच पांढरा भाग केकसारखा मऊ. पटाशी कठीण भागाशी अडखळते आणि मऊ भागाचे तंतू उपटून काढते. म्हणून शेवटचा आकार पुष्कळदा धारेने न देता घासकागदाने द्यावा लागतो. ती धूळ श्वासाबरोबर आत जाऊ नये म्हणून तोंडावर मुखवटा आवश्यक असतो; बुरशीच्या लाकडाची धूळ नाजूक छातीच्या माणसाला बाधू शकते. फार मऊ झालेला भाग पातळ डिंकाने बांधून घेण्याचीही रीत आहे. हे लाकूड तुळईच्या, खांबाच्या, वजन पेलण्याच्या कोणत्याही कामाचे नाही. ते पाहण्याचे लाकूड आहे, आणि तेवढ्यासाठीच ते घ्यावे.

खरा कस लागतो तो वेळेचा. ओंडका लवकर उघडला तर आत नक्षी झालेलीच नसते. साधे लाकूड हाती येते. उशिरा उघडला तर नक्षी असते, पण ती धरून ठेवणारे लाकूड राहिलेले नसते. या दोन टोकांमधला काळ किती, याला ठरीव उत्तर नाही. झाडाची जात, ओल, उष्मा आणि कोणती बुरशी आधी शिरली, यावर तो अवलंबून असतो. जाणता माणूस ओंडक्यावर टिचकी मारून पाहतो. खणखणीत आवाज आला तर अजून थांबायचे. बद्द आवाज आला तर उशीर झाला. कापलेल्या तोंडावर नख दाबून पाहतो; नख रुतले तर माल गेला. बँकेत आणि पेढीवरही असे निर्णय पाहावयास मिळतात. मुदतीआधी मोडलेली ठेव आणि वेळेवर न उचललेला माल यांतले नुकसान कागदावर मोजता येते. लाकूड मात्र आतले काहीच दाखवीत नाही, आणि एकदा कापले की पुन्हा जोडता येत नाही.

हा अनिश्चितपणा घालवण्यासाठी ओरेगॉन राज्य विद्यापीठातील प्राध्यापक सेरी रॉबिन्सन यांनी या विषयाला प्रयोगशाळेत नेले. मेपलसारख्या लाकडाचे ठोकळे निर्जंतुक करावयाचे, झाकणाच्या डब्यात ओलसर माध्यमात ठेवावयाचे, त्यांवर निवडलेल्या बुरशांची लागण करावयाची आणि उबदार अंधारात काही आठवडे सोडून द्यावयाचे, असा हा मार्ग. दोन भांडखोर बुरशा एकत्र ठेवल्या तर रेघा मिळतात. ट्रामेटिस व्हर्सिकलरसारखी पांढऱ्या कुजीची बुरशी ठेवली तर लाकूड उजळते. याच्याही पुढचे पाऊल म्हणजे बुरशीतून रंगच काढून घेणे आणि तो निरोगी लाकडावर किंवा कापडावर चढवणे. त्यामुळे लाकूड कुजवण्याची गरज उरत नाही. रॉबिन्सन यांच्या संशोधनात वारंवार येणाऱ्या रंगांमध्ये क्लोरोसिबोरियाचा निळा-हिरवा आहे, स्कायटॅलिडियम वंशातील एका बुरशीचा तांबडा आहे आणि त्याच वंशातील दुसरीचा पिवळा. त्यांत झायलेरियाची काळी रेघ आणि पांढऱ्या कुजीचा पांढरा रंग मिळवला की पाच होतात.

काळा, निळा, तांबडा, पिवळा, पांढरा. कल्पसूत्राचा सामाचारी विभाग ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ही यादी ओळखीची वाटेल. वर्षावासात साधु-साध्वींनी वारंवार पाहून जपावयाची आठ सूक्ष्मे तेथे सांगितली आहेत. त्यांतले एक म्हणजे पणग, आपल्या भाषेत बुरशी. त्याचे प्रकार पाच सांगितले आहेत: कृष्ण, नील, लोहित, हारिद्र आणि शुक्ल. हेही म्हटले आहे की पणग ज्या वस्तूवर येते त्या वस्तूच्याच वर्णाचे असू शकते, म्हणून ते चटकन दिसत नाही. इरियावहिया म्हणताना ‘पणग’ हा शब्द रोज कितीतरी ओठांवरून जातो. ओरेगॉनच्या प्रयोगशाळेतील काचेच्या बश्या आणि चातुर्मासात उपाश्रयाच्या ओल्या भिंतीपाशी जपून पडणारे पाऊल यांच्यात कसलाही ऐतिहासिक संबंध नाही, आणि तो ओढूनताणून जोडण्याचे कारणही नाही. पण ज्यांनी ही पाचांची गणना केली त्यांनी बुरशी किती जवळून पाहिली असेल, हे मात्र जाणवल्यावाचून राहत नाही. त्यांनी ती पाहिली ती उपयोगासाठी नव्हे, तर आपल्या पायाखाली ती येऊ नये यासाठी.

आणि येथेच जैन घरातल्या वाचकाचा प्रश्न उभा राहतो. पापडाच्या डब्यात पांढरा ठिपका दिसला तर आपल्या आया-आजी तो डबा कशा हाताळीत, हे ज्याने पाहिले आहे त्याला ‘लागण करावयाची’ हे शब्द सहज पुढे नेता येणार नाहीत. बुरशी ही अनंतकाय. तिच्या एका कणात अनंत जीव मानलेले. ती मुद्दाम वाढवायची आणि नक्षी पुरी झाली की भट्टीच्या आचेने संपवायची, हा या धंद्याचा क्रमच आहे. लाकडातील ओल साधारण वीस टक्क्यांच्या खाली गेली की बुरशीची वाढ थांबते. पण नुसत्या वाळण्याने ती मरतेच असे नाही. ओल मिळाली तर पुन्हा जागी होते. गिऱ्हाइकाच्या घरी वाडगा हिरवा होऊ नये म्हणून उष्णता द्यावीच लागते. कोणी म्हणेल, वखारीतले डागी लाकूड तरी भट्टीत जातेच ना? जाते. पण आपल्या परंपरेने हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे भेद सांगितले ते अशा जागी विचार करता यावा म्हणूनच. वाळवणीत जे टळत नाही ते उद्योगात मोडते. डब्यात पेरून, आठवडे मोजून, मग आचेवर धरणे हे त्याच खात्यात घालता येईल असे वाटत नाही. कलाकुसरीच्या वस्तूंची निर्यात करणारी आपली अनेक घराणी आहेत. परदेशातून या लाकडाची मागणी आली तर वखारीत आपोआप डागाळलेला आंबा निवडून देणे एक, आणि मागणी पुरी करण्यासाठी कोठीत बुरशीचे डबे मांडणे दुसरे. दोन्हींचा भाव कदाचित एकच येईल. वहीत मात्र त्या नोंदी वेगळ्या पानांवर पडाव्यात.

पडलेल्याच फांदीवर चालणारा असा एक व्यवसाय इंग्लंडात होऊन गेला. केंट परगण्यातील टनब्रिज वेल्स हे लोहयुक्त पाण्याच्या झऱ्यासाठी प्रसिद्ध असलेले गाव. हवा पालटण्यासाठी येणाऱ्या श्रीमंत पाहुण्यांना तेथील कारागीर लाकडी पेट्या, डब्या आणि लिहिण्याची मेजे विकीत. एकोणिसाव्या शतकात त्यांनी एक युक्ती काढली. निरनिराळ्या रंगांच्या लाकडाच्या बारीक काड्या नक्षीप्रमाणे रचायच्या, डिंकाने त्यांचा एक ठोकळा करायचा आणि त्याचे आडवे पातळ काप काढायचे. प्रत्येक कापावर तेच फूल, तोच पक्षी, तीच इमारत. एकदा रचना केली की अनेक पेट्या सजत. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हिशेब चोख होता. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्यांची कामे मांडली गेली.

या कारागिरांना रंगवलेले लाकूड वापरण्यापेक्षा रंगीत लाकूड मिळवण्याचा अभिमान होता. करड्या रंगासाठी ते गावच्याच झऱ्याच्या पाण्यात लाकूड भिजत ठेवीत. हिरव्यासाठी मात्र कोणताही झरा कामाचा नव्हता. त्यासाठी ते रानातल्या ओकच्या गळून पडलेल्या, क्लोरोसिबोरियाने आतून हिरव्या झालेल्या फांद्यांवर अवलंबून असत. गुब्बियोच्या सुताराला जी खूण सापडली होती तीच येथेही सापडली. पानाचा देठ, पाकळीखालचे हिरवे दल, एवढ्यासाठी सुईएवढ्या काड्या त्या फांदीतून निघत. सगळी फांदी कामाची नसे. रंग भरलेला पण लाकूड अजून घट्ट असलेला वीतभर तुकडा मिळाला तरी पुष्कळ झाले.

पुढे पाहुण्यांची आवड बदलली, कारखाने एकामागून एक बंद पडले, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो व्यवसाय संपला. त्या पेट्या आज संग्रहालयांत आणि लिलावांत दिसतात. केंटच्या रानात अजूनही शरद ऋतूत पावसानंतर ओकच्या साल गळालेल्या फांद्यांवर नखाएवढ्या निळ्या-हिरव्या वाट्या उगवतात. फांदी मोडून पाहिली तर आतले लाकूड गुब्बियोच्या भिंतीतल्याइतकेच हिरवे असते. ती उचलून नेणारे कारखाने आता नाहीत. फांदी तेथेच पडून राहते आणि हळूहळू माती होते.